दहाव्याचा भात

धडधाकट दिसणाऱ्या अकरा कोंबड्याही मारायच्या का, हे भानुदासरावांनी तिसऱ्यांदा विचारलं, तेव्हा नेत्राने ते इंग्रजीत सांगायचंच सोडून दिलं. आजोबांना द्यायचं उत्तर तिला पाठ झालं होतं. सरकारी खात्यातून आलेली पशुवैद्य बाई तशी वाईट नव्हती. दर वेळी ती आधी सॉरी म्हणायची आणि मग हो म्हणायची.

अमेरिकेत, बॉथेलपासून तासाभरावरच्या या नदीकाठच्या खेड्यात, नेत्राच्या वडिलांच्या, विक्रमच्या घरामागचं खुराडं तीन दिवसांत अर्धं रिकामं झालं होतं. काल रिपोर्ट आला, बर्ड फ्लू. कोंबड्या विक्रमच्या आईच्या, इंदुमतीबाईंच्या. कोंबड्यांना त्यांनी सासरच्या बायकांची नावं ठेवली होती, म्हणजे अधूनमधून मनासारखं रागावता यायचं. इंदुमतीबाईंना जाऊन आज वीस दिवस झाले होते.

नदीवर रानबदकं मरतायत, बाई सांगत होती. त्यांना टोचणारे कावळे आजार घेऊन फिरतात. मग टॅब्लेटवर बोट ठेवून तिने विचारलं, बाहेरचे पक्षी इथे आले होते का?

"नो," विक्रम चटकन म्हणाला. म्हणताना तो बाईकडे नाही, वडिलांकडे बघत होता.

भानुदासरावांनी नातीला विचारलं, काय म्हणाली ती? नेत्राने सांगितलं.

दहा दिवसांपूर्वी, दहाव्याला, याच खुराड्याच्या पत्र्यावर विक्रमने पिंड ठेवला होता. उंच आणि मोकळी जागा तेवढीच. कावळे समोरच्या फरच्या झाडावर बसून होते, खाली उतरायला तयार नव्हते. विक्रम म्हणाला, आई, बाबांना सांभाळीन. नेत्राने हात जोडून अभ्यासाचं काहीतरी कबूल केलं. दोन तास गेले. व्हिडिओ कॉलवरचे गुरुजी तिकडे झोपेला आलेले; ते म्हणाले, दर्भाचा कावळा करा, शिववा आणि मोकळे व्हा. भानुदासराव हटून बसले. बेचाळीस वर्षं संसार केलेल्या बाईला गवताचा कावळा दाखवून वाटेला लावायचं? ते पुढे झाले आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, तुझ्या कोंबड्या मी सांभाळीन, एकीलाही काही होऊ देणार नाही.

कावळा उतरला. त्याच्यामागे आणखी चार. भात पत्र्यावरून जाळीच्या आत सांडला, तो कोंबड्यांनी टिपला. त्या दिवशी भानुदासराव पोटभर जेवले.

"सांग तिला," ते आता नातीला म्हणाले. "मीच बोलावले. येत नव्हते, तरी बोलावले."

नेत्राने एकदा वडिलांकडे पाहिलं. मग बाईला म्हणाली, "ही डझन्ट रिमेंबर."

"काय सांगितलंस?"

"तुम्ही म्हणालात तेच, आजोबा."

पांढऱ्या सूटमधली दोन माणसं जाळीत शिरली तेव्हा कोंबड्या सैरावैरा झाल्या. एक भिंतीवर आपटली, एकीचा पंख जाळीत अडकला. भानुदासरावांना ते बघवेना. त्यांनी नेत्राला सांगून माणसांना थांबायला लावलं आणि इंदुमतीबाई दाणे टाकताना मारायच्या तशी हाक मारली. बायकोची हाक त्यांच्या तोंडी कधी बसली नव्हती, आज अगदी बसली. मग त्यांनी एकेकीचं नाव घेतलं. अकराच्या अकरा धावत जाळीपाशी आल्या आणि माना वर करून दाण्यांची वाट बघू लागल्या. माणसांनी त्यांना अलगद उचलून गॅसच्या पेटीत ठेवलं.

त्यानंतर फार वेळ लागला नाही. पेटीतला आवाज थांबला, बाई पुन्हा एकदा सॉरी म्हणाली, गाडी गेली. पिसं तेवढी राहिली. विक्रम म्हणाला, बाबा, आत चला, गार पडलंय. ते हलले नाहीत.

फरवरून एक कावळा सुटला आणि पत्र्यावर येऊन बसला. पिंड ठेवला होता त्या कोपऱ्यापर्यंत चालत गेला. मान वाकडी करून त्याने रिकाम्या खुराड्यात पाहिलं, मग या तिघांकडे. आज त्याला कोणी बोलावलं नव्हतं.

भानुदासरावांनी तोंड फिरवलं.

"विक्रम, हाकल त्याला," ते म्हणाले. "तिला मी काय सांगू?"

विक्रमने वाकून दगड उचलला. तो त्याच्या हातातच राहिला.