जुने नकाशे

“बाकी सगळं दाबून लहान कर, पण ‘जुने नकाशे’ला हात लावू नकोस. ते आहे तसंच जाऊ दे.” बायकोने दारातूनच सांगितलं, चपला पायात सरकवल्या आणि क्लायंटकडे जाऊन येते म्हणून ती गेली.

तो कॉम्प्युटरसमोर बसला होता. घरातल्या सगळ्या फाइल्सचा बॅकअप नव्या डिस्कवर घ्यायचं काम त्याने स्वतःहून अंगावर घेतलं होतं. डिस्क लहान होती, त्यामुळे कुठला फोल्डर किती दाबायचा ते आधी ठरवावं लागत होतं. फोटो, त्याचे ऑफिसचे अहवाल, ती घरी बसून काढायची ते इमारतींचे नकाशे, सगळ्यांना त्याने ‘जास्तीत जास्त’ लावलं. ‘जुने नकाशे’पुढे मात्र ‘अजिबात नको’ असं तिने आधीच निवडून ठेवलं होतं. आणि तो एकटा फोल्डर अर्धी डिस्क खाणार होता.

विमा कंपनीत अपघाताचे दावे तपासायचं त्याचं काम. कोण काय लपवतंय ते हुंगून काढायचाच त्याला पगार मिळायचा. बांधून झालेल्या इमारतींचे नकाशे एवढे जपायचे कशाला? त्याने ‘जास्तीत जास्त’ दाबलं. लगेच स्क्रीनवर प्रश्न उमटला. या आवाजाच्या फाइल्स आहेत, दर्जा कमी करून जागा वाचवायची का?

नकाशांना कधीपासून कंठ फुटला?

त्याने पहिली फाइल लावली. स्पीकरमधून त्याचाच आवाज आला. कात्री कुठे ठेवलीस म्हणून तो विचारत होता. दुसरीत तो वरच्या मजल्यावरच्या माणसाची नक्कल करून स्वतःच हसत होता. पुढच्या एकीत मागच्या आठवड्यातलं भांडण निघालं. “माझी आई आली की तुझं तोंड का उतरतं, एवढंच सांग मला.” तो बोलत होता, बोलतच होता. बायको मधे एक शब्दही बोलली नव्हती.

ऑफिसातल्या एकाच्या बायकोने हेच केलं होतं. घरातलं बोलणं गुपचूप रेकॉर्ड करत राहिली आणि एक दिवस कोर्टात वाजवून दाखवलं. बिचारा अजून मान वर करून चालत नाही.

मग एकेक गोष्ट जुळायला लागली. हल्ली ती जेवताना शेजारी बसत नव्हती. समोर बसायची आणि तो बोलत असला की टक लावून त्याच्या तोंडाकडे बघत राहायची. त्याच्या देखत फोन घ्यायची नाही, आत जाऊन मेसेज करायची. तो चिडला तर उलट उत्तर नाही. एरवी एकाला दोन ऐकवणारी बाई. वकिलानेच पढवलं असणार, तुम्ही गप्प राहा, त्यांना बोलू द्या. आणि शनिवारी दुपारी भेटणारा हा क्लायंट तरी कोण?

दाराची कडी वाजली. त्याने मुद्दाम स्पीकर मोठा केला आणि दाराकडे पाठ करून बसून राहिला. खोलीभर त्याचं भांडण घुमत होतं.

“झालं का रे?” तिने पिशवी टेबलावर ठेवत विचारलं.

चोरी उघडी पडली तरी आवाजात जरासुद्धा कंप नाही. त्याला तिची कमाल वाटली.

“वकील कोण आहे?” त्याने वळून न बघता विचारलं.

ती पिशवीतलं सामान काढत राहिली.

“मी विचारतोय, वकील कोण आहे?”

“काय उकडतंय बाहेर,” ती म्हणाली. “पाणी देऊ का तुला?”

तो ताडकन उठला आणि तिच्यासमोर जाऊन उभा राहिला. “ऐकू येत नाही का तुला?”

तिने त्याच्या ओठांकडे पाहिलं. मग त्याच्या मागे, स्क्रीनकडे. तिथे आवाजाची हिरवी रेघ खालीवर नाचत होती. ती सावकाश खुर्चीत बसली.

“नाही,” ती म्हणाली. “डावा कान गेलाच आहे. उजव्यानेही आता नावापुरतंच ऐकू येतं. आत्ता डॉक्टरांकडेच गेले होते.”

त्याने हात मागे नेऊन स्पीकर बंद केला. खोली एकदम शांत झाली. तिला त्यातला फरक कळला नाही.

“आणि हे?” त्याने स्क्रीनकडे बोट दाखवलं.

“ऑपरेशन करून आत यंत्र बसवणार आहेत. सुरुवातीला म्हणे सगळ्यांचं बोलणं सारखंच वाटतं, पत्र्याच्या डब्यातून आल्यासारखं. मग ओळखीचा आवाज पुन्हा पुन्हा ऐकून शिकावं लागतं. तो मूळचा हवा. दाबला की त्यातलं बारीकसारीक निघून जातं.”

त्याने खुर्ची ओढली आणि तिच्या अगदी समोर बसला. घसा साफ केला. मग लहान मुलाला शिकवावं तसा एकेक शब्द सुटा करून, मोठ्याने आणि फार गोड आवाजात त्याने विचारलं, “मला… का… नाही… सांगितलंस?”

“याच्यासाठी,” ती म्हणाली. “सांगितलं की तू असा बोलायला लागणार. मला तू नेहमीचा हवा होतास, चिडलेलासुद्धा.”