पाहुणी गुरं

सरकारी कुरण खात्याची जीप फाटकाशी थांबली, तेव्हा नाना हौदात पाणी सोडत होते. आता लपवालपवीला वेळ नव्हता. गुरं समोरच चरत होती. नानांची सगळी पांढरी, आणि त्यांच्यात मिसळलेली, लांबूनही नजरेत भरतील अशी तांबडी.

निरीक्षक साहेब उतरले. कुरण सरकारचं, नानांकडे भाडेपट्ट्याने. दुसऱ्याचं एक जनावर जरी आत चरताना सापडलं तरी पट्टा रद्द, ही अट साहेब स्वतःच त्यांना दर वर्षी वाचून दाखवत.

"ही तांबडी कुणाची, नाना?"

"पाहुणी आलीत."

"पाहुणी?"

"हो. पलीकडून."

पलीकडे, कुंपणापासून थेट टेकडीपर्यंत, जमीन काळीठिक्कर पडली होती. गेल्या आठवड्यातल्या वणव्याने शेजारच्या पट्ट्यात गवताची काडी ठेवली नव्हती. तो शेजारी कोण, हे साहेबांना पुरतं ठाऊक होतं. त्याला सगळे वकील म्हणत. वकिली तो शिकला नव्हता, पण नानांविरुद्ध तक्रार करायची एकही संधी त्याने सोडली नव्हती. कुंपण सरकवलं, पाणी अडवलं, बैल मोकाट सोडला. नानाही काही कमी नव्हते. दोघांचं बोलणं व्हायचं ते फक्त साहेबांच्या टेबलापुढे, तेही साहेबांकडे बघून.

"किती दिवस चालणार हा पाहुणचार?"

"तिकडे गवत फुटेपर्यंत." नानांनी पाण्याचा पाइप खाली ठेवला. "उपाशी हंबरायची हो साहेब. आमच्या हिच्या घशाखाली घास उतरेना."

तेवढ्यात वकील धापा टाकत आला. गुडघ्यापर्यंत राखेने माखला होता.

"साहेब, याचा काही संबंध नाही. तार मी तोडली, गुरं मी घुसवली. काय करायचं ते माझ्या पट्ट्याचं करा."

"खोटं बोलतोय," नाना म्हणाले. "तार धड आहे, बघून घ्या. फाटक मी उघडलं."

"हा कशाला उघडेल? जन्मात कधी उघडलं नाही."

"आता उघडलं. तू कुठे होतास बघायला? डोकं धरून बसला होतास जळक्या बांधावर."

"मी घुसवली म्हणतोय ना."

"तुझी गुरं तुझं तरी ऐकतात का? मी हाक मारली म्हणून आली."

आवाज चढले. दोन-चार गुरांनी माना वर केल्या आणि पुन्हा गवताला लागली.

साहेब जीपला टेकून ऐकत राहिले. मग टोपी काढून त्यांनी कपाळ पुसलं.

"चूक कुणाची, ते आधी तुम्ही दोघं ठरवा," ते म्हणाले. "एकमत झालं की ऑफिसात या. मला घाई नाही."

जीप निघून गेली. धूळ खाली बसली, तरी दोघं हौदाच्या दोन बाजूंना तसेच उभे होते. ज्यांच्याकडे बघून बोलायचं, ते साहेबही आता नव्हते. नानांनी पाइप पुन्हा उचलला. वकील वळला आणि चालू लागला.

फाटकापाशी तो थांबला. मागे न बघताच म्हणाला,

"ती मोडक्या शिंगाची लाथ मारते. वहिनींना सांग, धार काढताना डावीकडून बसू नका म्हणावं."