तिसरी हाक

"आवाज अगदी तिचाच आहे," मकरंद देवस्थळी म्हणाले, "पण ही विनया नव्हे."

गेलेल्या माणसांचे आवाज घडवणाऱ्या कंपनीच्या शलाकाने आठवड्यापूर्वी त्यांच्या घरात खोलीखोलीत छोटे स्पीकर ठेवले होते. वर्षापूर्वी गेलेली त्यांची बायको त्यांतून बोलायची, त्यांच्या मागोमाग या खोलीतून त्या खोलीत यायची. आज शलाका त्यांचं मत विचारायला आली होती.

"काय चुकतंय, काका?"

"एका हाकेत ओ देते! उभ्या संसारात असं कधी घडलं नाही. दोन हाका मारल्या तरी ही आपली गुणगुणत भांडी लावत राहायची. तिसरीला ओ द्यायची, तीही खेकसून."

शलाका हसली. तिने मोबाइलवर काहीतरी बदललं आणि म्हणाली, "आता बघा."

"विनू! अगं विनू!" स्पीकरमधून भांड्यांचा आवाज आणि गुणगुणणं तसंच चालू राहिलं. "विनू, ऐकतेस का?"

"आले हो! कशाला कोकलताय?"

मकरंदरावांचे डोळे भरून आले. त्यांनी स्पीकरला पैकीच्या पैकी गुण दिले.

दिवाळीनंतर एका सकाळी छातीत कळ आली आणि ते बाथरूममध्ये कोसळले. विनयाने ओ दिली की तिला अ‍ॅम्ब्युलन्स बोलवायला सांगायचं, एवढंच करायचं होतं.

"विनू!"

दुसरी हाक जेमतेम ओठांबाहेर पडली. तिसरीसाठी त्यांनी तोंड उघडलं, पण नुसती हवा निघाली.

स्वयंपाकघरात भांडी वाजत होती. विनया आपली गुणगुणत होती.