पलटणीचा पट्टा

"आबा, ह्या पट्ट्यानं तुमी लढाईत किती तुर्क लोळवले?" वर्गातल्या मैत्रिणींनी पैज लावली होती, म्हणून सोजरनं खंडेनवमीच्या ऐन पूजेत विचारून टाकलं. पाटावर कोयता, कुऱ्हाड आणि तिच्या बापाचा, जोतीरामचा, पलटणीतला कमरपट्टा मांडला होता. त्याचं पितळी बक्कल लखलखत होतं.

जोतीराम मिशीत हसला. "येडी का काय तू? बसऱ्याला तुर्काची आतडी बाहेर काढली ती संगिनीनं. ती सरकारजमा झाली. पट्टा आपला कमरेला हुता. त्यानं कुणाला ओरखडासुदिक काढला न्हाय."

आई बकलाला कुंकू लावत होती. काल भाकरी करपली म्हणून जोतीरामनं ह्याच बकलानं फोडलेली तिची भुवई अजून ओली होती.

"मग हत्यारांत कशाला मांडलाय?"

विचारताना तिची नजर आईच्या भुवईवर होती. सोजरनं पाटावरचा पट्टा उचलला आणि परकरावर करकचून आवळला.

"आबा, आई, आजपास्नं हा माझ्या कमरेला. शाळेत कवायतीला हाच, आन घरात बी हाच. कुणाला लागलाच, तर माझ्याकडं मागायचा. कशाला पायजे, ते सांगून."