अप्पांची परीक्षा

"ज्याचं डोकं पटावर चालतं, त्याचं कॉलेजात आणि नोकरीतही चालतं," असं कर्जतच्या शाळेत शिकवणारे अप्पा सगळ्यांना सांगत. मुलगी मॅट्रिक झाली तेव्हा त्यांनी तिच्यासमोर बुद्धिबळाचा पट मांडला.

"जिंकलीस तर पुण्याला कॉलेज. हरलीस तर चौक गावचं स्थळ पक्कं."

सुचेताने अप्पांच्या राजावर मात केली.

अप्पांनी सोंगट्या पुन्हा मांडल्या.

"अप्पा, मी जिंकले ना?"

"एका डावावरून काय कळतं? खेळ."

दुसराही डाव ती जिंकली. अप्पा तिसरा मांडू लागले.

पाण्याचा तांब्या ठेवायला वाकलेली आई तिच्या कानाशी पुटपुटली, "जपून गं. ते जिंकतील तोच शेवटचा डाव."