सरकारच्या पोटातलं यंत्र

"कुणाचा विश्वास बसणार नाही, पण माझं कानाचं यंत्र या मांजरीनं गिळलंय!" आजोबांनी जनावरांच्या दवाखान्यात शिरताच जाहीर केलं.

मांजरीचं नाव सरकार. आरोप तिच्यावर होता आणि ती टेबलावर बसून निवांत शेपूट चाटत होती.

आजोबांनी प्रवासवर्णन सुरू केलं. मांजरीच्या जिभेवरचे काटे आतल्या बाजूला वळलेले, म्हणून बिचारीला यंत्र थुंकता आलं नाही. ते अन्ननलिकेतून घसरत जठरात पडलं. तिथेही चालूच राहिलं! चार दिवस सरकारला स्वतःच्याच आतड्यांची गुरगुर मोठ्यानं ऐकू येतेय. झोपेतून दचकून उठते.

"जेवते का नीट?" डॉक्टरीणबाईंनी विचारलं.

"आँ?" आजोबांनी कानटोपीवरूनच कानामागे हात धरला.

"जेवते का, विचारतायत!" सोबत आलेली आजी ओरडली. बाकाजवळचा कुत्रा घाबरून बाकाखाली गेला.

"आँ?"

यंत्र गेल्यापासून आजोबा भलतेच सुखात होते. गळका नळ, बाजाराची पिशवी, मेहुण्याची दुखणी, काही म्हणता काही त्यांच्या कानावर पडत नव्हतं. आजीचा घसा तेवढा बसला होता.

बाईंनी सरकारचं पोट बोटांनी चाचपलं. आधी जठर, मग आतडं.

"मांस खाणाऱ्या जनावराचं आतडं आखूड असतं, आजोबा. गिळलेलं असतं तर एव्हाना मागच्या दारानं बाहेर यायला हवं होतं."

आजोबा छताचा पंखा बघत होते.

बाईंनी आजीला पार दाराशी नेलं आणि पाठ फिरवून कुजबुजल्या, "अडकलं असेल तर यंत्रातल्या बॅटरीनं आतडं जळेल. आत्ताच पोट उघडावं लागेल. मांजर वाचेलच, असं सांगता येत नाही."

"खबरदार!" आजोबांनी झेप घेऊन सरकारला छातीशी धरलं. "माझ्या सरकारच्या पोटाला सुरी लावलीत तर याद राखा!"

कुत्र्यानं बाकाखालून मान बाहेर काढली. आजोबांचा हात सवयीनं कानामागे गेला, तोंड उघडलं.

"आँ म्हणू नका," दाराशी उभी आजी ओठ जेमतेम हलवत पुटपुटली. "कानटोपीखाली यंत्र कुठल्या कानात आहे, तेवढं सांगा."