कपाटातली डिस्क

"नाना, हा माझा तिसरा हेलपाटा! नव्या डिस्कवर बॅकअप चढवला, धुळ्याला माझ्या दुकानात कॉम्प्युटर चालू करून दाखवला, आणि काल साक्रीला आणून दिला तर लगेच मेला?" प्रशील शाळेच्या क्लार्कवर, भाईदासनानांवर खेकसला. दहावीचे फॉर्म भरायचा आज शेवटचा दिवस होता आणि स्क्रीनवर पुन्हा तेच: डिस्क सापडत नाही.

तणतणत त्यानं सीपीयू उघडला. आत डिस्कच नव्हती!

"कोणी चोरली?" तो ओरडला.

नानांनी शांतपणे कपाटाचं कुलूप काढलं आणि लाल फडक्यात बांधलेली डिस्क पुढे केली.



"तूच सांगेल व्हतं ना भाऊ, ज्या डिस्कमा बॅकअप शे, ती कॉम्प्युटरमा ठेवानी नही, कपाटमा ठेवानी!"